दहाची इंजेक्शनं

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या मुली पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात. “सिस्टर, चार्टवर सगळ्यांची दहाची इंजेक्शनं आहेत. दहाला सगळ्यांची कशी होणार?”

होत नाहीत. एका इंजेक्शनमागे केसपेपर वाचायचा, पेशंटचं नाव तिच्याच तोंडून ऐकायचं, औषध आणि मात्रा पडताळायची, कुपीत पाणी घालून पावडर पुरती विरघळू द्यायची, हाताच्या शिरेत लावलेली व्हेनफ्लॉनची नळी चालू आहे का बघायचं, औषध सावकाश सोडायचं, सुई आणि सिरिंज आपापल्या डब्यात टाकायची आणि शेवटी सही करायची. घाई न करता हे साडेतीन मिनिटांचं काम आहे. तीस जणींची इंजेक्शनं एकटीने द्यायची तर दहाला सुरू केलेलं काम पावणेबाराला संपतं. ही साधी बेरीज या मुलींना कुणी करून दाखवलेली नसते. चार्टवर दहा लिहिलेले दिसतात, भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झालेले असतात आणि त्या पळायला लागतात. पळताना हात थरथरतो. एखादं नाव वाचायचं राहून जाईल अशी धास्ती बसते आणि ड्युटी संपून बस पकडली तरी ती उतरत नाही.

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या स्त्री वैद्यकीय कक्षात, आम्ही त्याला ‘फिमेल मेडिकल’ म्हणतो, पुष्कळ वर्षं अधिपरिचारिका होते. आता तिथेच परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज. ड्युटी लावणं, औषधांचा इंडेंट, लिननचा हिशोब हे सगळं माझ्याकडे असतं. पण माझं सगळ्यात महत्त्वाचं काम मी निराळंच मानते. नव्या मुलीला वेळ कसा वापरायचा हे शिकवणं, म्हणजे ती पाच-सात वर्षांत करपून जाणार नाही. आमच्या कामात गर्दी आहे, ती राहणारच. पण गर्दीने अंग दुखतं, रात्रभर झोपलं की उतरतं. माणसाला पोखरतात ती डोक्यात धरून ठेवलेली कामं. ती डोक्यातून बाहेर काढता येतात, एवढंच मला सांगायचं आहे, आणि कशी काढायची ते मी वॉर्डातच शिकले.

सुरुवात त्या दहापासूनच करते. चार्टवरचे दहा सगळ्या औषधांसाठी सारखे नसतात. दिवसातून एकदाच घ्यायची रक्तदाबाची गोळी नऊला दिली काय किंवा अकराला दिली काय, बहुतेक वेळा फरक पडत नाही. दर सहा तासांनी द्यायच्या अँटिबायोटिकला एवढी सूट नाही, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण टिकवायचं असतं. फिट येणाऱ्या बाईचं फिटचं औषध, जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या पेशंटला द्यायचा अँटिबायोटिकचा पहिला डोस, ही मात्र एक मिनिटही रेंगाळू द्यायची नाहीत. म्हणून माझ्या वॉर्डात ट्रॉली एक नंबरच्या खाटेपासून निघत नाही. आधी जिथे वेळ कडक आहे त्या चार-पाच खाटा, मग दर सहा-आठ तासांच्या औषधांची रांग, आणि दिवसातून एकदाच्या गोळ्या शेवटी. हे एकदा समजलं की नव्या मुलीचे खांदे खाली येतात. पावणेअकराला उरलेल्या औषधांपैकी कुठलंच उशिरा जात नाहीये, हे तिला माहीत असतं.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असंही नाही. अमेरिकेत सरकारी आरोग्यविम्याशी जोडलेल्या रुग्णालयांना एक नियम होता. लिहिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी ते अर्धा तास नंतर, एवढ्यातच औषध द्यायचं. ऐकायला किती चांगला नियम! २०१० मध्ये तिथल्या औषधसुरक्षेवर काम करणाऱ्या एका संस्थेने परिचारिकांना या नियमाविषयी विचारलं, तेव्हा १८ हजारांच्या आसपास उत्तरं आली. वेळ गाठायच्या धडपडीत तपासण्या गाळल्या जातात, औषधं आधीच काढून ठेवावी लागतात, नोंदीतल्या वेळा खऱ्या राहत नाहीत, असं त्या उत्तरांतून पुढे आलं. पुढच्याच वर्षी नियम सैल झाला. ज्या औषधांना वेळ खरोखर महत्त्वाची आहे त्यांना अर्धा तास, दिवसातून अनेकदा द्यायच्यांना एक तास, एकदाच द्यायच्यांना दोन तास, असे गट ठरले. सगळ्या कामांवर सारखीच घाई लादली की जे काम खरंच घाईचं आहे तेच बिघडतं. हे मला आमच्या वॉर्डात दिसत होतं. तिकडे हजारो जणींनी ते लिहून दिलं.

इन्सुलिनची गोष्ट आणखी निराळी. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचायचं असतं. आमच्या किचनची नाश्त्याची गाडी कधी साडेआठला येते, कधी सव्वानऊला. आठला इन्सुलिन देऊन मोकळं झालं आणि गाडी लांबली, तर बाईची साखर उतरते. दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, नातेवाईक ओरडत धावतात. मग साखरेचं पाणी, पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, डॉक्टरांना फोन, आणि पाऊण तास त्या एका खाटेपाशी. वेळ वाचवायला लवकर केलेलं काम दुप्पट वेळ खातं, ते असं. म्हणून मी किचनमधल्या मावशींशी बोलून ठेवलं. गाडी भरायला घेतली की त्या वॉर्डात फोन करतात आणि त्या फोनवर आमचा इन्सुलिनचा ट्रे निघतो. घड्याळ बघावंच लागत नाही. पुष्कळ कामांची वेळ अशी दुसऱ्या कामाला बांधलेली असते, आणि ते दुसरं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं. त्या माणसाशी एकदा नीट बोलून घेणं हे मला आजवर कुठल्याही वेळापत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडलं आहे.

रक्ताच्या पिशवीचंही तसंच. रक्तपेढीतून पिशवी निघाली की अर्ध्या तासात ती चढवायला सुरुवात करायची, चार तासांच्या आत ती संपवायची, आणि पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. थंडी वाजली, पुरळ उठलं, कंबर दुखायला लागली तर ते बहुतेक याच वेळात कळतं. पिशवी तयार असल्याचा फोन आला की ताबडतोब मामांना, म्हणजे वॉर्डबॉयला, पाठवायचं ही सगळ्यांची सवय असते. मग पिशवी टेबलावर येते तेव्हा सिस्टर राउंडमध्ये अडकलेली, आणि अर्धा तास सरकत असतो. आम्ही उलटं करतो. हाताशी मोकळी पंधरा मिनिटं कधी आहेत ते आधी बघतो, रक्तपेढीला त्या हिशोबाने कळवतो आणि मगच मामांना पाठवतो. तोवर पिशवी त्यांच्या फ्रीजमध्ये सुरक्षित असते. अर्थात ज्या बाईला तातडीने रक्त हवं आहे तिच्या बाबतीत हा हिशोब नसतो. तिच्यासाठी सगळं बाजूला ठेवायचं.

आता कागदाविषयी. मी नवखी असताना आमच्या परिसेविका मॅडमनी मला हे शिकवलं. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घेऊन झाला की एक पाठकोरा कागद घ्यायचा आणि त्याच्या उभ्या चार घड्या घालायच्या. सकाळची ड्युटी आठ ते दोन, म्हणजे प्रत्येक घडी दीड तासाची. ज्या खाटेचं जे काम ज्या वेळी करायचं, ते त्या घडीत खाटेच्या नंबरासकट लिहायचं. ‘३ – साखर’, ‘११ – रक्त’, ‘१७ – सोनोग्राफी, उपाशी’, ‘२२ – कूस’. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, म्हणून बावीस नंबर एकाहून जास्त घड्यांत येतो. राउंड चालू असताना डॉक्टर जाता जाता सांगतात, “सिस्टर, हिचं पोटॅशियम संध्याकाळी परत पाठवा,” तेही तिथल्या तिथे कागदावर. मी “लक्षात ठेवते” म्हटलं की मॅडम माझ्या हातात पेन द्यायच्या. “लक्षात ठेवू नका, लिहा. लक्ष पेशंटकडे हवंय.”

झालेल्या कामावर काट मारायची. न झालेलं काम पुढच्या घडीत हलवायचं, पण हलवताना पुन्हा लिहायचं. हे पुन्हा लिहिणं फार महत्त्वाचं आहे. एखादं काम तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की थांबून विचारायचं, हे का होत नाहीये? बहुतेकदा उत्तर असं निघतं की ते एकटीने होणारं कामच नाही, मामा हवेत किंवा डॉक्टरांची सही हवी. मग मदत मागायची. मोबाइलवर याद्या करतात ते मला ठाऊक आहे. हातात ग्लोव्हज असताना मोबाइल काढता येत नाही, आणि काढलाच तर त्यात घरचे चार निरोप येऊन पडलेले असतात. एप्रनच्या खिशातल्या कागदाला ही अडचण नाही.

या कागदाने कामं कमी होत नाहीत, तितकीच राहतात. तरीही मन हलकं होतं. गॅसवर दूध ठेवून दारात बोलत उभ्या असलेल्या बाईचं अर्धं लक्ष आत असतं. वॉर्डात असं दूध एकाच वेळी वीस ठिकाणी ठेवलेलं असतं. पुढे वाचनात आलं की बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये यावरच लिहिलं होतं. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवत राहतात, असं त्यांना प्रयोगांत दिसलं होतं. आणि २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं की राहिलेलं काम पुरं करावंच लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं तरी मनाला त्याची टोचणी कमी होते. आमच्या मॅडमनी यातलं काही वाचलेलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो कागद वॉर्डात उभं राहून शोधला होता.

पण कागद घेऊनही काम पुढे सरकत नाही, कारण कुणीतरी हाक मारतं. “ओ सिस्टर, सलाईन संपलं!” फिमेल मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं हे वाक्य असेल. त्यातल्या बऱ्याच हाकांना जाऊन बघावं तर बाटलीत अजून पाव हिस्सा शिल्लक असतो. नातेवाईकांची त्यात काय चूक? बाटली रिकामी झाली तर हवा शिरेल आणि आपलं माणूस जाईल, या भीतीने ती बाई रात्रभर बाटलीकडे टक लावून बसलेली असते. त्या भीतीला वेळेवर उत्तर मिळत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा हाक मारते. आमची पळापळ आणि तिचा जागर, दोन्हींचं मूळ एकच.

यावर एक जुना आणि साधा उपाय आहे. बाटलीला वरपासून खालपर्यंत चिकटपट्टीची उभी पट्टी लावायची आणि तिच्यावर रेघा मारून वेळ लिहायची. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची असेल तर तासाला सव्वाशे. ज्या सेटमधून वीस थेंबांना एक मिलिलिटर पडतं, त्यात मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब. दहाला लावली तर अकराची रेघ, बाराची रेघ, एकची रेघ. आम्ही पेशंटच्या सोबत असलेल्या बाईला उभं करून दाखवतो. “मावशी, हे पाणी या खालच्या रेघेला आलं की मला हाक मारा. त्याच्या आधी घाबरायचं कारण नाही. आणि रेघेच्या खूप आधी पाणी खाली आलं तरी हाक मारा, म्हणजे फार जोरात चाललंय.” ज्यांना अक्षर येत नाही त्यांना रेघ येते. पट्टी लावायला जेमतेम एक मिनिट लागतं. त्या मिनिटाच्या बदल्यात दिवसभरातल्या किती हाका वाचल्या हे मोजणं अवघड आहे, पण एक पाहिलं आहे. पट्टी लावलेल्या खाटेजवळची बाई दुपारी थोडी पाठ टेकते. सलाईन जोरात गेल्याचंही आता आम्हाला आधी कळतं, कारण तिची नजर आता योग्य गोष्टीवर असते.

याच धर्तीवर आम्ही दुसरी एक गोष्ट केली. ओव्हर झाल्यावर, ट्रॉलीला हात लावायच्या आधी, प्रत्येक खाटेपाशी क्षणभर थांबून सांगायचं की आज काय होणार आहे. रक्त तपासायला जाणार, रिपोर्ट दुपारनंतर येणार, डॉक्टर साडेनऊच्या पुढे येतील, एक्स-रेला मामा घेऊन जातील तेव्हा सोबत एकाने जायचं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या काही जणींना आधी हे पटलं नव्हतं. एवढ्या वेळात पाच इंजेक्शनं झाली असती, असं त्या म्हणायच्या, आणि हिशोबाने ते खरंही होतं. पण “डॉक्टर कधी येणार?” हा प्रश्न दिवसभरात ज्या ज्या वेळी येतो त्या त्या वेळी हातातलं काम सोडून उत्तर द्यावं लागतं, आणि परत कामावर येताना कुठे होतो ते शोधावं लागतं. हा शोधण्यातला वेळ कुणी धरत नाही. दुपारी दोनच्या सुमाराला मी सगळ्या नातेवाईकांना टेबलापाशी बोलावते आणि ज्याला जे विचारायचं ते विचारू देते. विचारायची एक ठरलेली वेळ आहे असं कळलं की माणसं थांबतात. शांतपणे थांबतात.

ट्रॉली चालू असताना मात्र बोलायचं नाही, असा आमच्यात नियम आहे. औषध काढणाऱ्या मुलीला फोनही द्यायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो घ्यायचा. विमानात असाच नियम आहे. अमेरिकेत १९८१ पासून विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांना कामाशिवाय दुसरं काही बोलायला मनाई आहे, कारण उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी लक्ष विचलित होऊन अपघात झाले होते. ब्रिटनमधल्या काही रुग्णालयांत औषधं देणारी परिचारिका लाल एप्रन घालते; त्यावर ‘अडवू नका’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. आमच्याकडे लाल एप्रन नाही. आम्ही ट्रॉलीच्या दांड्याला लाल फडकं बांधतो. मामा, मावशी, शिकायला आलेल्या मुली, सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. कधी कधी नवीन आलेले डॉक्टर विसरतात, तेव्हा मावशीच त्यांना फडकं दाखवतात.

लिहिण्याबद्दल थोडं. नाडी, ताप, रक्तदाब, किती पाणी आत गेलं आणि किती लघवी झाली, हे सगळं एका जागी बसून शेवटी भरायचं ही सवय पुष्कळ जणींना असते. त्यात दोनचे पावणेतीन होतात. खाटेपाशीच लिहावं. आकडा डोक्यात घेऊन टेबलापर्यंत चालायचं नाही.

मग येतो ओव्हर देण्याचा भाग, आणि माझ्या मते घरी गेल्यावर शांत झोप लागणार की नाही हे इथेच ठरतं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचं १८५९ मधलं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक शिकताना आम्ही नावापुरतं ऐकलं होतं. प्रत्यक्ष वाचलं फार नंतर. त्यात हवा, उजेड, आवाज, आहार यांच्या बरोबरीने एक सबंध प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेवर आहे. आपण हजर असताना जे होतं ते आपण नसतानाही होईल अशी सोय लावणं हीच खरी देखरेख, असं त्यांचं म्हणणं आहे. सगळं स्वतःच करणाऱ्या आणि त्याचा अभिमान बाळगणाऱ्या बाईला त्या चांगली परिचारिका मानत नाहीत. हे वाचून मी बराच वेळ थांबले. कारण आपल्याकडे, घरात आणि नोकरीत, जिच्यावाचून अडतं तिचंच कौतुक होतं.

ओव्हर खाटेपाशी उभं राहून द्यायचा. टेबलावर वही उघडून दिलेला ओव्हर मी चालू देत नाही. पेशंटच्या समोर उभं राहिलं की सलाईन दिसतं, पायाची सूज दिसते, पेशंट स्वतः दोन गोष्टी सांगते. आणि जे झालं नाही ते आधी सांगायचं. ‘अकरा नंबरचं रक्त चढवून झालं’ हे वहीत आहेच; ‘सतरा नंबरची सोनोग्राफी राहिली, उद्या सकाळी उपाशी ठेवा’ हे तोंडाने सांगायचं आणि समोरच्या मुलीच्या कागदावर तिच्या हाताने लिहून घ्यायचं. तिने लिहिलं की ते काम तिचं झालं. त्यानंतर रात्री नऊ वाजता घरातून वॉर्डात फोन करायचा नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट आला का, हे विचारायचा मोह मला पुष्कळदा व्हायचा. फोन केला की माझं समाधान व्हायचं खरं. पण तिकडे ड्युटीवरच्या मुलीला वाटायचं, मॅडमचा आपल्यावर विश्वास नाही. तिचा ताण वाढवून मिळवलेली झोप मला नको.

नाईट ड्युटीचं गणित वेगळं आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि मेंदूही तितकाच मंद चालतो. त्या वेळी मात्रा मोजायचं, पातळ करायचं कुठलंही अवघड काम शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला दाखवल्याशिवाय करायचं नाही. जी कामं आधी करून ठेवता येतात, चार्टच्या रेघा, नमुन्यांच्या बाटल्यांवर नावं, ती बाराच्या आत करायची. सकाळी घरी आल्यावर सासूबाई दारावर चिठ्ठी लावायच्या, ‘सूनबाई झोपली आहे, दोननंतर या’. सुरुवातीला मला संकोच वाटायचा. त्या म्हणायच्या, “अगं, रात्रभर तू बाकीच्यांच्या आयांना सांभाळलंस. आता चार तास कुणी नाही आलं तर काय बिघडतं?” त्या चार तासांवर मी आजवर नोकरी केली. वेळेच्या नियोजनावरच्या लेखांत पहाटे पाचला उठण्याचा सल्ला दिसतो तेव्हा मला पाळीत काम करणाऱ्या बायका आठवतात. त्यांना लवकर उठण्याची गरज नसते. त्यांच्या दिवसाच्या झोपेला घरच्यांनी मान देण्याची गरज असते, आणि ते काम त्यांचं एकटीचं नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे लिहिली पाहिजे. घडीचा कागद, चिकटपट्टी, लाल फडकं, यातलं काहीही माणसांची जागा भरून काढत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, आणि रजेसाठी वर आणखी तीस टक्के. रात्री चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी मुलगी उभी असते तेव्हा तिला वेळेचं नियोजन शिकवून प्रश्न सुटला असं कुणी म्हणू नये. मी ड्युटी लावते तेव्हा माझ्यासमोर नावं कमी आणि रकाने जास्त असतात. रिक्त जागा भरा, हे आम्ही लेखी मागत आलो आहोत आणि मागत राहणार. ज्या मुली आज कामावर आहेत त्यांनी तोवर मोडून पडू नये, म्हणून हे सगळं मी शिकवते. ताण हा त्यांच्यातला कमीपणा आहे, असं त्यांच्या मनात मी येऊ देत नाही.

आणि आता जे वाचक कधी ना कधी आपल्या माणसाला घेऊन वॉर्डात येतील त्यांना माझं सांगणं आहे. पेशंटला धाप लागली, घाम फुटला, रक्त दिसलं, ती नेहमीसारखी बोलेनाशी झाली किंवा सलाईनच्या जागी सूज आली, तर ट्रॉली चालू असो की राउंड, मोठ्याने हाक मारा. थांबू नका, कुणी रागावेल असं मनात आणू नका. बाकी जे विचारायचं ते एका कागदावर लिहून ठेवा आणि सिस्टरला विचारा, “तुम्हाला कधी वेळ आहे?” ती वेळ सांगेल. घरून येताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांच्या गोळ्या पाकिटासकट आणा, कारण दाखल करताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘ती पांढरी, छोटी गोळी’ कुठली हे शोधण्यात. आणि औषध काढत असलेल्या मुलीशी त्या दोन मिनिटांत बोलू नका. ती तुमच्याच माणसाचं नाव वाचत असते.